थांब्याला पैसे आहेत, फेरीला नाहीत

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिकांचे सर्व सन्माननीय सभासद



आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक बसथांबा आहे. स्टेनलेस स्टीलचा. बसायला तीन नळ्यांचा बाक, ज्यावर कुणालाच धड बसता येत नाही, आणि वर छप्पर. छपराच्या कपाळावर 'संकल्पना' हा शब्द, त्यापुढे एका माजी माननीयांचं नाव आणि हात जोडलेला फोटो. ऊन-पाऊस खाऊन फोटोवर आता निळसर कळा आली आहे. या थांब्यावर कोणत्या नंबरच्या गाड्या थांबतात, पहिली कधी, शेवटची कधी, मधे किती मिनिटांनी एक, यातलं एक अक्षरही तिथं नाही.

मी तीस वर्षं कॉलेजात अकौंटन्सी शिकवली. निवृत्त झाले तरी त्या नोकरीची एक खोड गेलेली नाही. समोर जे दिसेल त्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला असेल, हे मनात येतंच. थांबा म्हणजे भांडवली खर्च, बहुधा सभासदांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या 'स' यादीतला. त्या थांब्यावर यायची ती गाडी, तिचा गॅस, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार, टायर, पंक्चर, हे सगळं महसुली. भांडवली खर्चाला नारळ फोडता येतो, फीत कापता येते, पाटी लावता येते. रात्री सव्वानऊची शेवटची गाडी रोज वेळेवर सुटली, तर त्यावर पाटी कुठं लावणार? म्हणून आपल्याकडे थांबा येतो आणि गाडीची वाट बघावी लागते.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर दोन्ही सभागृहांत निवडून आलेली माणसं बसली. मधल्या काळात बससाठी पैसे मागणाऱ्या पीएमपीएमएल कंपनीच्या संचालक मंडळावर आयुक्त, पैसे मंजूर करणारी स्थायी समिती म्हणजे आयुक्त, आणि शिक्का मारणारी मुख्य सभा म्हणजेही आयुक्तच, अशी व्यवस्था होती. ती चांगली की वाईट यात मी शिरत नाही. आता प्रश्न विचारायची जागा पुन्हा तुमची आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. आणि ते एकाच गोष्टीबद्दल आहे: बससाठी महापालिका जो पैसा देते तो कशासाठी, कधी आणि कोणत्या नावाने देते.

थांब्याला पैसा सापडतो आणि फेरीला सापडत नाही, ही सवय तुम्ही लावलेली नाही, हे आधी मान्य करते. ती कायद्यातच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या संस्थांकडे सोपवायच्या १८ कामांची ती यादी. चौथ्या क्रमांकावर रस्ते आणि पूल. सतराव्या क्रमांकावर सार्वजनिक सोयी, म्हणजे रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहं. पुन्हा एकदा वाचा. वाहनतळ आहे, बसथांबा आहे. बस नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्येही तेच. कलम ६३ मध्ये महापालिकेने करायलाच हवीत अशी कामं आहेत, त्यात रस्ते आणि पूल आहेत. लोकांच्या प्रवासासाठी यंत्रावर चालणारी वाहनं ठेवणं हे कलम ६६ मध्ये, म्हणजे इच्छा असेल तर करायच्या कामांत. त्याच कलमात पोहण्याचे तलाव आणि बागाही आहेत. थोडक्यात, खड्डा बुजवणं हे कर्तव्य आणि बस चालवणं ही हौस. पुण्याने ही हौस १९५० पासून केली, पिंपरी-चिंचवडने १९७४ पासून. १९ ऑक्टोबर २००७ ला या दोन्ही सेवा, म्हणजे पीएमटी आणि पीसीएमटी, एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली, त्यालाही आता बराच काळ लोटला. दहा लाखांच्या आसपास माणसं रोज ज्या गोष्टीवर अवलंबून आहेत ती कागदावर अजून ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्टीचे पैसे घरात जसे महिनाअखेरीस उरले तर निघतात, तसेच महापालिकेतही निघतात.

कंपनीचा हिशेब कसा चालतो ते तुमच्यातल्या जुन्यांना पाठ आहे. नव्यांसाठी सांगते. वर्षभर गाड्या धावतात. तिकीट, पास, जाहिराती, जागांचं भाडं यांतून जे यायचं ते येतं. खर्चातून ते वजा केलं की उरते ती 'संचलन तूट'. ती पुण्याने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के उचलायची. अलीकडे हा आकडा वर्षाला सातशे कोटींच्या वर गेला आहे. दरवर्षी तो पेपरात येतो, 'पीएमपी तोट्यात' असा मथळा लागतो, सभागृहात कुणीतरी 'हा पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा' असं विचारतं, आणि मग पैसे हप्त्याहप्त्याने सुटतात.

'तूट' या शब्दाशी माझं भांडण आहे. सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलापासून फनटाइम थिएटरपर्यंत सुमारे ११८ कोटींचा उड्डाणपूल झाला. मी त्याच्या विरोधात नाही, त्याच्यावरून जातेही. पण त्या पुलाने वर्षभरात किती कमावलं, असं कुणी कधी विचारलं आहे का? पुलाचं उत्पन्न शून्य. तिकिटाचा एक रुपयाही नाही. बसचा निकष त्याला लावला तर तो शंभर टक्के तुटीत आहे आणि कायम राहणार. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० साली मेट्रोच्या कामासाठी पाडला. तो बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती. त्याला कुणी तोटा म्हटलं नाही. बांधला तेव्हाही विकास होता, पाडला तेव्हाही विकासच होता. कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर २००६ साली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली, देशात पहिली म्हणून तिचं कौतुक झालं. पुढे नगर रस्त्यावरही आली, आणि २०२३ मध्ये तिथली उखडायला घेतली. घालणं हे एक काम, काढणं हे दुसरं काम. दोन्हींची निविदा निघते, दोन्ही कामं ताळेबंदात व्यवस्थित बसतात. बसने मात्र दिवसभर लोकांना ठरलेल्या ठिकाणी पोचवलं तरी तिच्या नावापुढे लाल शाईच.

थोडा गुणाकार-भागाकार करू. समजा कंपनीला वर्षाला साडेसातशे कोटी दिले आणि रोज दहा लाख प्रवास झाले. वर्षाचे साडेछत्तीस कोटी प्रवास. म्हणजे एका प्रवासामागे दोन्ही महापालिका मिळून साधारण वीस रुपये घालतात. एका चहाचे आणि क्रीमरोलचे. २०२५-२६ चं पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं, पिंपरी-चिंचवडचं ९,६७५ कोटींचं. दोन्हींची बेरीज केली तर बसवरचा हा खर्च साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. शंभरातले साडेतीन. ज्यांच्याकडे दुचाकीही नाही अशी माणसं, रात्रपाळीच्या नर्स, कॉलेजची मुलं, ज्यांचं लायसन आता मुलांनी काढून घेतलं आहे असे आमच्या वयाचे लोक, या सगळ्यांचं शहर या साडेतीनांत बसवायचं आहे. हा पांढरा हत्ती असेल तर फार बारीक जातीचा आहे.

आकड्यापेक्षा जास्त त्रास देते ती पैसे यायची वेळ. तुटीचं अनुदान हे स्वभावानेच मागून येतं. आधी गाड्या धावल्या, मग खर्च झाला, मग तो मोजला, मग प्रस्ताव, मग स्थायी समिती, मग हप्ता. दरम्यान गॅसचं बिल थकतं, ठेकेदाराचं बिल थकतं, सुटे भाग उधारीवर येतात किंवा येतच नाहीत. कंपनीच्या ताफ्यात सुमारे दोन हजार गाड्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास खासगी ठेकेदारांच्या, किलोमीटरच्या दराने घेतलेल्या. मार्च २०२३ मध्ये थकलेल्या बिलांसाठी या ठेकेदारांनी एका झटक्यात गाड्या उभ्या केल्या. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. रस्त्यावर शेकडो गाड्या कमी झाल्या, मग दोन्ही महापालिकांनी धावाधाव करून पैसे सोडले आणि चाकं फिरली. माझा प्रश्न एवढाच: ते पैसे होते ना? द्यायचेच होते ना? मग ते संप झाल्यावर दिल्याने आपण काय वाचवलं? उलट, बिल कधी मिळेल याचा भरवसा नाही म्हणून पुढच्या निविदेत ठेकेदार दर चढवूनच भरतो. उशिरा पैसे देणाऱ्याला वाणीसुद्धा स्वस्त माल देत नाही.

दिल्लीला हे कळलं आहे, आणि त्यांनी जे केलं ते वाचून मला एकाच वेळी हसू आलं आणि लाज वाटली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३,४३५ कोटींची एक योजना मंजूर केली. शहराने ई-बसच्या ठेकेदाराचं बिल वेळेवर दिलं नाही, तर केंद्राच्या निधीतून ते आधी भागवायचं आणि मग राज्य सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून ती रक्कम परस्पर वळती करून घ्यायची. शहरांच्या परिवहन संस्था पैसे बुडवतील, निदान लटकवतील, हे इतकं गृहीत धरलं आहे की त्यासाठी खास तिजोरी उभी करावी लागली. कर्ज बुडवणाऱ्याच्या घरी बँक जामीनदार मागते तशी ही गत.

तसं पाहिलं तर केंद्राची स्वतःची सवयही काही वेगळी नव्हती. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या काळात पुण्यासारख्या शहराला प्रकल्पखर्चाचे ५० टक्के केंद्र, २० टक्के राज्य आणि ३० टक्के महापालिका असं मिळायचं, पण ते प्रकल्पाला. २००९ मध्ये मंदीवर उपाय म्हणून देशभरातल्या शहरांना १५ हजारांहून जास्त बस मंजूर केल्या. गाड्या घ्यायला पैसे मिळाले, चालवायला नाहीत. लग्नाचा खर्च मामाने करायचा आणि संसार मात्र उधारीवर, असा तो प्रकार. नव्या गाड्या काही वर्षांत डेपोच्या कोपऱ्यात टायर काढून उभ्या राहिल्या, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा. पुढे ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस सेवेत पहिल्यांदा खरा फरक पडला. तिथे केंद्र गाडीच्या किमतीला नाही, धावलेल्या किलोमीटरला पैसे देतं: मोठ्या गाडीला २४ रुपये, मध्यमला २२, लहानला २०, आणि तेही दहा वर्षांपर्यंत. पण ती योजना मध्यम शहरांसाठी. पुण्याचा समावेश झाला पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या दुसऱ्या योजनेत, आणि तिथलं अनुदान पुन्हा गाडी घेतानाचं. त्यातून पुण्याला मिळणाऱ्या हजार ई-बसची बातमी ऐकून मला आनंद झाला नाही असं नाही. पण दर किलोमीटरला ठेकेदाराला जे द्यावं लागेल ते कोणत्या खात्यातून, हा प्रश्न त्या आनंदात कुठंतरी मागे बसला आहे.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. अमेरिकेत दोन लाखांहून मोठ्या नागरी भागांना केंद्राच्या ठरलेल्या निधीतून बस विकत घेता येतात, पण लहान ताफ्यांचा अपवाद सोडला तर त्या रोज चालवायचा खर्च त्यातून काढता येत नाही. कोविडमध्ये प्रवासी घटले तेव्हा ही अट गुंडाळून ठेवावी लागली. फ्रान्सने १९७१ मध्ये पॅरिसच्या परिसरात वेगळी वाट धरली: कंपन्यांच्या पगारखर्चावर एक कर, आणि तो फक्त सार्वजनिक वाहतुकीसाठी, बांधायलाही आणि चालवायलाही. ज्याच्या कारखान्यात माणसं रोज बसने येतात त्याने बसला हातभार लावायचा, एवढाच त्यामागचा विचार. हिंजवडी, चाकण आणि भोसरीच्या शेजारी राहणाऱ्यांना हा विचार समजवून सांगावा लागू नये.

आपल्याकडे राखीव पैसा नाहीच असंही नाही. पुण्यात घर घेणारा माणूस एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का जादा भरतो. लोक त्याला मेट्रो अधिभार म्हणतात. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा मूळ खर्च ११,४२० कोटी, साधारण ३३ किलोमीटर. त्यासाठी राखीव स्रोत असणं योग्यच आहे, आणि मेट्रो मला आवडते. पण मेट्रोच्या स्टेशनापर्यंत माणूस पोचतो कसा? वनाजला उतरलेला माणूस पुढे बावधनला जातो कसा? बसला मात्र असा एक पैसाही कुठून हक्काने येत नाही. तिला दरवर्षी पदर पसरावा लागतो.

राज्याचं वागणं तर आणखी गमतीचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्या सवलतीचे पैसे राज्य सरकार एसटीला देतं. म्हणजे मी स्वारगेटवरून साताऱ्याला गेले तर अर्धं तिकीट, आणि त्याच स्वारगेटवरून धनकवडीला घरी आले तर पूर्ण. साताऱ्याला मी वर्षातून दोनदा जाते. धनकवडीला रोज. आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मी साताऱ्याहूनच येत जाते की!" त्यांचा बसचा प्रवास दोन किलोमीटरच्या आतला. १ जून २०२५ च्या भाडेवाढीआधी त्याला पाच रुपये पडायचे. आता पहिला टप्पा पाच किलोमीटरचा आणि तिकीट दहा रुपये. जाऊन-येऊन दहाचे वीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोनशे साठ रुपये जास्त. त्यांनी त्यावर तोडगा काढला आहे. सकाळी चालत येतात, संध्याकाळी गुडघे ऐकत नाहीत म्हणून बसने जातात. त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीच्या वरच्या खणात रोज एक दहाची नोट वेगळी घडी करून ठेवलेली असते. ती परतीची.

भाडेवाढ व्हायला नको होती असं मी म्हणणार नाही. अकरा वर्षं भाडं हललं नव्हतं, डिझेल-गॅस-पगार हलत होते. पण अकरा वर्षं काहीच करायचं नाही आणि मग एका रात्रीत एका महापालिकेच्या हद्दीतला मासिक पास ९०० वरून १,५०० वर न्यायचा, हेही तुटीच्या हिशेबाचंच अपत्य आहे. दरवर्षी थोडंथोडं वाढवायचं धाडस कुणी करत नाही, कारण प्रत्येक वर्षी तुटीचा प्रस्ताव मंजूर होऊन वेळ निघून जाते. वेळ निघायची बंद झाली की ओझं मावशींच्या पिशवीत येतं.

आता तुमच्या मनात जे आलं असेल ते मीच लिहिते. कंपनीचा कारभार तरी कुठं धड आहे? गाड्यांच्या मानाने माणसं जास्त, ब्रेकडाऊन जास्त, ठेकेदारांच्या गाड्या सिग्नल तोडतात, ऐन गर्दीच्या वेळी तीन गाड्या एकामागोमाग एक येतात आणि पुढे अर्धा तास काही नाही. हे सगळं खरं आहे. थांब्यावर उभं राहणाऱ्याला ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणूनच तूट भरण्याची पद्धत मला चुकीची वाटते. तुटीचा हिशेब करताना कंपनीने काय दिलं ते कुणी विचारत नाही. किती कमी पडले, एवढंच विचारतात. दहा फेऱ्या रद्द केल्या तर गॅस वाचतो, आणि गाडीत फार प्रवासी नसतील तर तूटही थोडी कमी दिसते. म्हणजे ज्या फेऱ्या लांबच्या, रिकाम्या, रात्रीच्या, त्या आधी गळतात. पहिला बळी जातो तो कडेच्या वस्त्यांचा. २०१७ आणि २०२१ मध्ये मिळून ३४ गावं पुणे महापालिकेत घेतली. त्यातल्या कितीतरी गावांत पाण्याची पाइपलाइन यायला वेळ लागला हे सगळे बोलतात. सकाळी सहाची गाडी आली का, हे कुणी बोलत नाही.

मी सुचवते ते असं. तूट भरू नका, फेरी विकत घ्या. मार्चमध्ये अंदाजपत्रक करतानाच ठरवा की येत्या वर्षी दोन्ही शहरांना किती किलोमीटरची सेवा हवी: कोणत्या मार्गावर किती मिनिटांनी गाडी, पहिली कधी, शेवटची कधी. त्याचा दर ठरवा. एप्रिलपासून दर महिन्याच्या सुरुवातीला ६०:४० ने आगाऊ पैसे द्या. महिन्याच्या शेवटी जेवढी गाडी धावली तेवढेच पक्के, न धावलेल्या फेरीचे पैसे पुढच्या हप्त्यातून कापा, आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळा फेरी चुकली तर दंडही लावा. ठेकेदाराशी कंपनी हाच व्यवहार करते, किलोमीटरने पैसे देते आणि चुकलं तर कापते. महापालिकेने कंपनीशी तसाच करार करायला काय हरकत आहे? तिकिटाचं उत्पन्न त्यातून वजा होईलच. पण मग भांडण 'किती बुडाले' यावर राहणार नाही, 'किती धावली' यावर येईल. ते भांडण तुमच्या मतदाराला कळतं.

दुसरं, त्या पैशाला हात लावू नका. वर्षाच्या मधे 'वर्गीकरण' या नावाखाली एका शीर्षातला पैसा दुसऱ्या शीर्षात जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. प्रभागातल्या पेव्हर ब्लॉकला, नामफलकाला, कमानीला कुठून ना कुठून निधी सापडतो, तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या शीर्षातून सापडलेला असतो. १९४९ च्या अधिनियमात परिवहनासाठी स्वतंत्र निधीची सोय मुळात होती. कंपनी झाल्यावर ती कल्पना मागे पडली. तिच्याऐवजी आता मुख्य सभेचा एक ठराव लागेल, की बसच्या शीर्षातला रुपया दुसरीकडे वळवायचा असेल तर तो विषय मुख्य सभेत नावं घेऊन मतदानाला यावा. मत कुणी दिलं ते दिसू दे.

आणि राज्याकडे दोन गोष्टी मागा. एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत शहर बसला लागू करा आणि तिचे पैसे एसटीला देता तसे इथेही द्या. मुद्रांक शुल्कातला तो एक टक्का मेट्रोबरोबर तिला जोडून धावणाऱ्या बसलाही मिळू द्या. या दोन्ही मागण्यांना पक्ष आडवे यायचं कारण नाही. दोन्ही महापालिका आणि राज्य यांच्यात सत्ता कुणाची आहे ते बघता तर मुळीच नाही.

हे सगळं मी ओळखीच्या एका माजी सभासदांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण गाडी वेळेवर आली म्हणून मला कुणी मत देत नाही. थांबा बांधला की दहा वर्षं माझं नाव राहतं." माणूस प्रामाणिक होता, म्हणून मी वाद घातला नाही. घरी येताना मात्र पुन्हा त्या थांब्यापाशी थांबले. नाव आणि फोटो यांच्या खाली, बाकाच्या मागच्या पत्र्यावर, चांगली मोकळी जागा आहे. घरून टेप आणून मोजली: पाच फूट रुंद, अडीच फूट उंच. एवढ्या जागेत सहा मार्गांचं वेळापत्रक, मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल असं बसतं. वर नाव तसंच राहू द्या.

आपली,
एक पासधारक, धनकवडी